वीज, उजेड आणि आवाज: तिन्ही देणारं झाडांचं किट वापरून बघितलं, कामाचं एकच निघालं

थेट सांगतो, हे किट घ्यायचंच असेल तर लाईटसाठी घ्या. बाकी गोष्टी डब्यात तशाच पडून राहिल्या तरी रोपांचं काही अडत नाही, आणि त्यातली एक तर डब्यातच राहिलेली बरी, ती कोणती ते पुढे सांगतो.

कंपनीचं नाव देत नाही, कारण असली किटं आता पंचवीस नावांनी विकली जातात आणि आतला माल साधारण सारखाच असतो. डब्यात काय येतं: कुंडीत खोचायच्या तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या, ज्याला ते अँटेना म्हणतात. एक बॅटरीवर चालणारी छोटी पेटी, तिला दोन तांब्याच्या सळ्या, त्या मातीत खुपसायच्या. क्लिपवाला लाल-निळा एलईडी लाईट, तीन डोक्यांचा, वाकवता येणारा. आणि एक ब्लूटूथ स्पीकर, ज्यात आधीच भरलेले ‘वाढीचे सूर’ आहेत. सोबत चकचकीत माहितीपत्रक, त्यावर जगदीशचंद्र बोसांचा फोटो. (बोसांच्या फोटोवर नंतर येतो, कारण त्यावर मला जरा राग आहे.)

चाचणी कशी केली ते आधी, नाहीतर खाली कोणीतरी विचारणारच. प्रत्येक गोष्टीसाठी दोन-दोन कुंड्यांची जोडी, माती एकाच ढिगातली, बी एकाच पाकिटातलं, पाणी मोजून सारखं, एका कुंडीला किटमधलं यंत्र आणि दुसरीला काहीच नाही, आणि मधूनमधून दोघींच्या जागांची अदलाबदल. ही अदलाबदल फार महत्त्वाची आहे राव. कारण माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलंय की अँटेना लावलेली कुंडी ‘भरपूर उजेडाच्या जागी’ ठेवा. अहो, भरपूर उजेडाच्या जागी ठेवली की अँटेना काय आणि आईस्क्रीमची काडी काय, रोप वाढणारच की! फोटो टाकणारे ‘बघा फरक’ म्हणतात तेव्हा एक कुंडी खिडकीला चिकटून असते आणि दुसरी मागे सावलीत, नीट बघा एकदा.

आता तांब्याची तार. ही कल्पना नवीन बिलकुल नाही. १७४६ च्या सुमाराला एडिंबरात मेंब्रे नावाच्या गृहस्थाने मर्टलच्या झुडपांना स्थिर वीज देऊन बघितली होती आणि ती लवकर फुटली असं सांगितलं होतं, त्याच काळात फ्रान्समध्ये नोले हे बियांवर तसेच प्रयोग करत होते. १७८३ मध्ये बर्थोलाँ या फ्रेंच पाद्र्याने हवेतली वीज काढून झाडांवर सोडायचं यंत्रच सुचवलं. मग फिनलंडचे लेमस्ट्रॉम, त्यांना वाटलं की उत्तरेकडे उन्हाळा एवढासा असूनही झाडं जोमात वाढतात त्यामागे ध्रुवीय प्रकाशाची वीज असावी, म्हणून त्यांनी शेतावर तारांचं जाळं टांगून त्यात उच्च दाबाची वीज सोडली आणि १९०४ मध्ये त्यावर पुस्तक छापलं. ब्रिटिश सरकारने तर १९१८ मध्ये यासाठी समितीच नेमली, वर्षानुवर्षं प्रयोग केले, कधी पीक वाढायचं कधी नाही, एकदा मिळालेला निकाल दुसऱ्यांदा मिळेलच असं नाही, शेवटी १९३० च्या दशकात गाशा गुंडाळला. म्हणजे हुशार लोकांनी मन लावून करून बघितलंय, कोणी खिल्ली उडवून सोडून दिलेलं नाही. पण लेमस्ट्रॉम आणि ब्रिटिशांचं जे काही होतं ते हजारो व्होल्टचं होतं. नुसती तार खोचायची पद्धत वेगळी, १९२० च्या दशकात क्रिस्तोफ्लो नावाच्या फ्रेंच माणसाने हवेतून वीज ‘पकडणारी’ उपकरणं विकायला सुरुवात केली, आपल्या डब्यातली गुंडाळी त्याचीच पणती.

आता ती हवेतली वीज आहे तरी किती? निरभ्र दिवशी जमिनीजवळ उभं विद्युतक्षेत्र असतं साधारण दर मीटरला १०० व्होल्ट, हे खरंय, आणि हाच आकडा माहितीपत्रकात मोठ्ठा करून छापलाय. पण हवा वीज वाहू देत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष प्रवाह असतो दर चौरस मीटरला साधारण २ पिकोअँपिअर. पिको म्हणजे एका अँपिअरचा लाख कोटीवा भाग. वीतभर रुंद कुंडीच्या वाट्याला त्यातलं किती येणार ते तुम्हीच बघा. आणि कुंडी घरात असेल तर तेवढंही नाही, कारण भिंती-छप्पर जमिनीला जोडलेले असतात, आतमध्ये ते क्षेत्र जवळपास शून्य होतं. हे किट विकतायत घरातल्या कुंड्यांसाठी! माझ्या जोड्यांमध्ये मुळा (भाजीचा) लावला होता, तारवाल्या आणि बिनतारवाल्या मुळ्यांच्या वजनात काही फरक आला नाही, एकदा ही जड एकदा ती जड. तार दिसायला मात्र छान आहे आणि वाटाण्याचे तणावे तिला मस्त गुंडाळतात, आधार म्हणून वापरा खुशाल.

वीजपेटी. हीच ती डब्यात ठेवायची गोष्ट.

या पेटीत नऊ व्होल्टची बॅटरी आहे आणि दोन सळ्यांमधून ओल्या मातीत डीसी प्रवाह जातो. शाळेत इलेक्ट्रोलिसिस शिकलोय ना आपण सगळे, तेच होतं. धन सळी बाहेर काढली तर टोकाशी तांबं खरवडल्यासारखं खडबडीत झालेलं आणि त्यावर हिरवट-निळी भुकटी, बोटाला लागते. ऋण सळी मात्र तशीच गुळगुळीत, तिच्याभोवतीच्या मातीवर पांढुरकी पापडी. म्हणजे धन टोकातून तांब्याचे आयन मातीत विरघळतायत, त्या बाजूची माती आंबट होतेय आणि दुसऱ्या बाजूची खारट-अल्कली. तांबं झाडाला लागतं, अगदी लागतं, पण अत्यल्प, आणि जास्त झालं की पहिला मार मुळांच्या टोकांना बसतो. धन सळीजवळच्या मुळ्याचं रोप उपटून बघितलं तर बारीक मुळ्या आखूड, टोकं तपकिरी, आणि त्याच कुंडीतल्या लांबच्या रोपाच्या मुळ्या पांढऱ्याशुभ्र. माहितीपत्रक म्हणतं ‘तांब्याचे पोषण’. पोषण म्हणे!

याचा अर्थ विजेचा झाडांवर परिणाम होतच नाही असा नाही हं. २०२२ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी वारा आणि पावसाच्या थेंबांवर चालणारं छोटं जनित्र बनवून वाटाण्याला विद्युतक्षेत्र दिलं आणि उत्पन्न १८ टक्के वाढल्याचं छापलं. २०२३ मध्ये स्वीडनच्या लिंकोपिंग विद्यापीठात मातीऐवजी वीजवाहक स्पंजासारख्या माध्यमात सातूची रोपं वाढवली, त्याला हलका व्होल्टेज दिला, तर १५ दिवसांत रोपांची वाढ ५० टक्के जास्त झाली. भारीच आहे हे. पण त्यात कुठेही ओल्या मातीत उघडी तांब्याची सळी खुपसलेली नाही, आणि सातूचं ते रोप कोवळं होतं, कणसापर्यंत नेलेलं नव्हतं. असल्या प्रयोगांची नावं घेऊन ही पेटी विकणं म्हणजे सरळ सरळ फसवणूक.

आणि आता बोस. बोसांनी काय दाखवलं? वनस्पती विजेच्या भाषेत प्रतिसाद देतात हे. लाजाळूला धक्का दिला, गरम केलं, विष दिलं की विजेचा संकेत कसा बदलतो ते त्यांनी मोजलं, आणि रोपाची वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखवणारं क्रेस्कोग्राफ बनवलं. माणूस मोजणारा होता, बारीक मोजणारा. व्हीनस फ्लायट्रॅप या किडे खाणाऱ्या झाडाचं पान मिटताना त्यात विजेची लाट जाते हे तर लंडनच्या बर्डन-सँडरसन यांनी १८७३ मध्येच दाखवलं होतं, त्या पानावरच्या केसाला साधारण वीस सेकंदांत दोनदा स्पर्श झाला तरच ते मिटतं, एकदा झाला तर नाही. झाड स्वतः वीज वापरतं ही गोष्ट वेगळी आणि बाहेरून बॅटरी जोडली की ते जोमाने वाढतं ही वेगळी. ज्याने आयुष्यभर मोजमाप केलं त्याचा फोटो न मोजलेल्या दाव्यांवर चिकटवायचा, याला काय म्हणायचं?

असो. लाईटकडे येऊ, कारण पैसे वसूल झाले तर इथेच.

पहिली तक्रार: डब्यावर ८० वॉट छापलंय. प्लगमध्ये वॉटमीटर लावून बघितलं तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. विचारलं तर म्हणे ८० ही ‘एलईडीची क्षमता’ आहे. म्हणजे चालवतायत त्याहून कमीवर, जे एलईडीच्या आयुष्यासाठी चांगलंच आहे, पण मग तसं लिहा ना. वॉट तसाही रोपाला कळत नाही. रोपाला कळतं ते पानावर दर सेकंदाला किती फोटॉन, म्हणजे उजेडाचे कण, पडले ते, त्याला पीपीएफडी म्हणतात, आणि तो आकडा या डब्यावर कुठेच नाही. भर दुपारच्या उन्हात तो साधारण २००० मायक्रोमोल असतो, लेट्यूससारख्या पालेभाजीला दीडशे-दोनशे असला तरी चालतं पण मग लाईट दिवसाला चौदा-सोळा तास लागतो, आणि टोमॅटोला फळं धरायला त्याच्या दुप्पट-तिप्पट तरी हवा. मोबाईलमधल्या लक्स मोजणाऱ्या ॲपवर जाऊ नका, लक्स हे माणसाच्या डोळ्यासाठी आहे आणि डोळ्याला हिरवा जास्त दिसतो, त्यामुळे लाल-निळ्या लाईटचा आकडा हास्यास्पद कमी येतो. ओळखीतल्या एकाचा पार मीटर, म्हणजे पीपीएफडी मोजणारं यंत्र, आणून मोजलं. रोपाच्या डोक्यावर वीतभर अंतरावर लाईट असेल तर लेट्यूसपुरता आरामात मिळतो. तोच लाईट हातभर वर नेला की उरतं ते रोप फक्त जिवंत ठेवण्यापुरतं. माहितीपत्रकातल्या चित्रात एका लाईटखाली सहा कुंड्या ऐसपैस मांडल्यात, तसं केलं तर रोपं किडकिडीत लांबतात, मान काढून लाईटकडे बघत बसतात. तीन डोकी तीन कुंड्यांवर, खाली वाकवून, एवढीच या लाईटची ताकद.

पण तेवढ्यात तो काम करतो, आणि चांगलं करतो. लाईटखालची लेट्यूस आणि खिडकीतली लेट्यूस शेजारी ठेवली तर मीटरची गरजच नव्हती, पानं रुंद, खोड आखूड, रंग गडद. जोडीतला फरक डोळ्यांना दिसला तो या एकाच ठिकाणी.

रंगाबद्दल मात्र थोडं बोलायलाच हवं. लाल-निळा का, तर हरितद्रव्य लाल आणि निळा जास्त शोषतं म्हणून, हे अर्धसत्य आहे. १९७२ मध्ये मॅक्री यांनी बऱ्याच पिकांची पानं वेगवेगळ्या रंगांखाली तपासली, तेव्हा लाल सगळ्यात वर आला पण हिरवाही भरपूर कामाला येतो हे दिसलं. हिरवा उलट पानात खोलवर शिरतो. त्यामुळे साधा चांगला पांढरा एलईडी असला तरी झाड तक्रार करत नाही. जांभळ्या उजेडाचा खरा त्रास आपल्याला होतो, पान पिवळं पडलंय का, मावा लागलाय का, काही म्हणता काही कळत नाही, सगळं काळपट दिसतं, तपासायचं तर लाईट बंद करावा लागतो. नासाने अंतराळ स्थानकावर २०१४ मध्ये भाजी वाढवायचं यंत्र पाठवलं, त्यात लाल-निळ्याबरोबर हिरवे एलईडीही मुद्दाम घातले, रोपं अंतराळवीरांना नीट, नेहमीसारखी दिसावीत म्हणून. या किटवाल्यांना ते सुचलं नाही.

काही जणांनी लिहिलंय की पट्टीतले दोन-चार एलईडी बंदच आले, वस्तू परत केली. बंद नसतात ते! जेमतेम गडद लाल चमकतात, बहुधा ७३० नॅनोमीटरच्या आसपासचे, आपल्या डोळ्याच्या पार कडेला. मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघा, पेटलेले दिसतील. झाडात फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं, ते ६६० चा लाल आणि ७३० चा अतिलाल यांचं प्रमाण बघून ठरवतं की आपण उन्हात आहोत की दुसऱ्याच्या सावलीत. १९५२ मध्ये लेट्यूसच्या बियांवर हे दाखवलं गेलं, लाल उजेडाची झलक दिली की बी रुजतं, लगेच अतिलाल दिला की रुजायचं थांबतं, परत लाल दिला की परत रुजतं, शेवटचा रंग कुठला तेवढंच बी लक्षात ठेवतं. मला या सगळ्या प्रकारातली ही गोष्ट सगळ्यात जादूची वाटते, आणि यासाठी ना अँटेना लागते ना सूर.

याच फायटोक्रोममुळे एक धोका आहे जो माहितीपत्रकात नाही. शेवंती किंवा पॉइनसेटियासारखी झाडं रात्र लांब झाल्याशिवाय फुलत नाहीत. १९२० मध्ये गार्नर आणि अलार्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवर दिवसाच्या लांबीचा हा परिणाम मांडला होता. तुम्ही लेट्यूससाठी लाईट सोळा तास लावला आणि शेवंतीची कुंडी त्याच उजेडात असेल तर पानं फुटत राहतील, कळी काही येणार नाही, आणि तुम्ही खतं बदलत बसाल.

टायमर आहे, पण लाईट गेली की विसरतो. परत आल्यावर दिवा बंदच राहतो, बटण दाबायला जावं लागतं. वेगळा प्लगमधला काट्याचा टायमर लावूनही उपयोग नाही, कारण वीज आली तरी दिवा आपण दाबायची वाट बघतो. दोन-तीन दिवस बाहेर जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. अडॅप्टरची वायरही आखूड. आणि पाणी घालताना वायरला सॉकेटच्या खाली एक झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी तिथेच ठिबकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही.

राहिला आवाज. स्पीकर आवाजाला बरा आहे, गाणी ऐका. त्यात भरलेले सूर ४३२ हर्ट्झचे आहेत, का ४३२ तर ‘निसर्गाची कंपनसंख्या’, याला शेंडा-बुडखा काही नाही. स्पीकरजवळच्या आणि लांबच्या जोडीत काहीही फरक नाही.

ही हौसही जुनीच म्हणा. चार्ल्स डार्विननी बायोफायटम नावाच्या नाजूक रोपाला आवाज कळतो का ते बघायला मुलाला, फ्रान्सिसला, त्याच्यासमोर बसून बसून वाजवायला लावलं होतं, म्हणजे बसून नावाचं ते लांबलचक फुंकवाद्य. असल्या प्रयोगांना ते स्वतःच मूर्खाचे प्रयोग म्हणायचे, पण करायचे. १९५० च्या दशकात अन्नामलाई विद्यापीठात टी. सी. सिंग यांनी झाडांना शास्त्रीय संगीत ऐकवलं आणि वाढ झाल्याचं सांगितलं, आजही प्रत्येक स्पीकरविक्या त्यांचं नाव घेतो.

पण गंमत म्हणजे झाडांना कंपन कळतं हे आता चांगलं सिद्ध झालंय, फक्त ते संगीत नसतं. २०१४ मध्ये मिसुरी विद्यापीठात अळी पान खाताना होणारं सूक्ष्म कंपन टिपून ते मोहरीच्या कुळातल्या एका रोपाच्या पानाला थेट दिलं, नंतर खरी अळी आल्यावर त्या रोपाने जास्त तिखट रसायनं तयार केली, आणि वाऱ्याच्या कंपनाला मात्र ते फसलं नाही. तेल अवीवला २०१९ मध्ये दिसलं की मधमाशीचा गुंजारव ऐकवला की ईव्हनिंग प्रिमरोजच्या फुलातला मध तीन मिनिटांत जास्त गोड होतो. म्हणजे झाड ऐकतं ते शत्रूचं आणि गिऱ्हाईकाचं. आपली बासरी त्याच्या कामाची नाही.

तरी कंपनाचा घरी एक खराखुरा उपयोग आहे, आणि त्यासाठी स्पीकर नको. टोमॅटोच्या फुलात पराग नळीत बंद असतो, टोकाच्या फटीतूनच बाहेर पडतो, रानात भुंग्यासारख्या मोठ्या माश्या फुलाला लटकून अंग थरथरवून तो पाडतात, साध्या मधमाशीला ते जमत नाही. बंद घरात ना माशी ना वारा. दुपारी, हवा कोरडी असताना, उमललेल्या फुलाखाली काळा कागद धरायचा आणि जुना इलेक्ट्रिक टूथब्रश सुरू करून त्याची पाठ फुलाच्या देठाला टेकवायची. दोन सेकंदांत कागदावर पिवळट भुरभुर पडते, फुंकर मारली की उडते. तेच फूल, किटचा स्पीकर पूर्ण आवाजात अगदी जवळ धरला, कागद स्वच्छ काळा. टूथब्रशवाल्या घोसात फळं नीट धरली, न हलवलेल्या घोसातली बरीच फुलं देठापाशी पिवळी पडून गळाली.

कंपनीला विचारलं की नुसता लाईट वेगळा मिळतो का, शेजारच्या कुंड्यांसाठी अजून एक हवा होता. तर नाही म्हणाले, अख्खं किटच घ्यावं लागेल, अँटेना-पेटी-स्पीकरसकट. मग दुसरीकडून साधा पांढरा मागवलाय, ज्याच्या डब्यावर किती अंतरावर किती पीपीएफडी ते छापलेलं आहे.